डिपर दिला की पेटणारे दिवे

“पाहिलंत? याला म्हणतात उजेड,” मामा म्हणाला आणि त्याने खुशीत स्टिअरिंगवर थाप मारली.

जीपच्या मागच्या बाकावरून तिघांनी एका सुरात “वा, वा” केलं. खरं म्हणजे समोरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर काल पडत होता तेवढाच उजेड आज पडला होता. मामाने दिवसभर घाम गाळून बंपरवर ताटलीएवढे चार नवे दिवे बसवले होते, त्यांचं बटण आत्ताच मोठ्या थाटात दाबलं होतं आणि तरी रस्ता काही उजळला नव्हता. खटपटीला ते दिसलं. पण मामा इतका रंगात आला होता, आणि तिला सुट्टीचे उरलेले दिवस सुखाने काढायचे होते, म्हणून तिनेही तोंडभर “वा” म्हणून टाकलं.

खटपटी ही मामाची भाची, वय वर्षं बारा. शाळेत तिचं काहीतरी भारदस्त नाव होतं, पण ती घरात असली की कुठलाच स्क्रू जागेवर राहत नाही, म्हणून सगळे तिला खटपटीच म्हणत. मागच्या सुट्टीत तिने मामाचं बैठकीतलं घड्याळ उघडून साफ केलं होतं. घड्याळ चाललं, नाही असं नाही, फक्त काटे उलटे फिरायला लागले. मामाने ते घड्याळ फेकून दिलं नाही. अडगळीत जपून ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने दाखवू लागला.

तिच्या एका बाजूला मामाचा मुलगा बसला होता. तो चौदा वर्षांचा आणि इतका उंच, की जीपच्या टपाला डोकं लागू नये म्हणून मान वाकडी करून बसायचा. त्याला लंबू म्हणत. दुसऱ्या बाजूला त्याची दहा वर्षांची बहीण. तिचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं, म्हणून ती रेडिओ.

दिवेलागण झाली होती, पण पुरता अंधार पडला नव्हता. पुढच्या वळणावरून दूधगाडी आली. मामा रस्त्यावर एकदम सभ्य माणूस. समोरून गाडी आली की अप्पर लाइट बंद करून डिपर द्यायचा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये, हा त्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्याने सवयीने दांडी खाली केली.

आणि बंपरवरचे चारही नवे दिवे भपकन पेटले.

पांढराशुभ्र झोत थेट दूधगाडीच्या काचेवर गेला. आतला ड्रायव्हर डोळ्यांसमोर हात धरताना तिघांनाही स्पष्ट दिसला. मामाने घाबरून पुन्हा अप्पर लावला. चार दिवे विझले, पण आता अप्परचा झोत त्या बिचाऱ्याच्या तोंडावर. मामाने पुन्हा डिपर दिला, पुन्हा चार दिवे पेटले. नव्या दिव्यांचं बटणच बंद करून टाकावं, हे त्या गडबडीत मामाला सुचलं नाही. दूधगाडी डावीकडे झुकली आणि अगदी हळू, जणू विचार करून, रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसली. मागचे कॅन धडाधड कलंडले.

ड्रायव्हरला काही लागलं नव्हतं, हे एकच नशीब. तो खाली उतरला तो तणतणतच.

“मी दोनदा डिपर मागितला आणि तुम्ही आणखी चार दिवे डोळ्यांत खुपसता?”

“अहो, मी डिपरच दिला,” मामा म्हणाला.

“याला डिपर म्हणतात? मग तुमचा अप्पर कसला असतो?”

मामाने जीपमधून दोर काढला. तो लावून जीपने दूधगाडी चरातून ओढून काढली. ड्रायव्हर पुटपुटत निघून गेला, सांडलेलं दूध रस्त्याच्या उतारावरून वाहत राहिलं. मामा जीपमध्ये येऊन बसला, त्याने नव्या दिव्यांचं बटण बंद केलं आणि मग सावकाश मागे वळून पाहिलं.

“हे खटपटीचं काम,” तो म्हणाला.

* * *

रात्रीच्या जेवणाला खटला उभा राहिला. पुरावा असा, की मामा दिवे बसवत होता तेव्हा दिवसभर शेडमध्ये त्याच्याजवळ एकटी खटपटीच होती. पान्हा दे, चिकटपट्टी दे, ही तार धर, सगळं तिने केलं होतं. मामा हात धुवायला आणि जेवायला घरात आला तेव्हाही ती शेडमध्येच होती. दिवे उलटे पेटतात, आणि उलटं चालणारं घड्याळही तिनेच केलं होतं. मामाच्या मते आणखी काही बोलायचं उरलंच नव्हतं.

खटपटी परोपरीने सांगत होती की तिने एकाही तारेला आपल्या मनाने हात लावलेला नाही. कदाचित जोडणीतच काही चुकलं असेल, असं तिने हळूच म्हणून पाहिलं. ती मोठी चूक झाली.

“मी आजवर सहा गाड्यांना दिवे बसवलेत,” मामा म्हणाला. “सहाच्या सहा झक्कास चालतात. अगदी अशीच जोडणी, तीच रिलेची डबी, तेच बटण. आणि सातव्यातच नेमकी चूक होते, जेव्हा तू शेजारी उभी असतेस?”

सहा गाड्या खरंच चालत होत्या. मामाने मग निकाल दिला. जिने केलं तिने सरळ कबूल करावं आणि काय केलं ते सांगावं, तोवर परवाची सहल रद्द. तिघांचीही.

ही सहल म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मामी जनावरांची डॉक्टर होती. वर्षातून एकदा ती डोंगरावरच्या कुरणात मेंढ्यांना लस द्यायला जायची, दोन रात्री तळ्याकाठच्या लाकडी खोलीत राहायची. यंदा पहिल्यांदाच मुलांना बरोबर नेणार होती. रस्ता जंगलातून, खड्ड्यांचा, पहाटे अंधारात निघावं लागणार, आणि जीपचे जुने दिवे मिणमिणते. चांगले दिवे असतील तरच मुलांना नेईन, असं मामीने आधीच बजावलं होतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

मामी स्वभावाने शांत. तिने जेवणानंतर खटपटीला बाजूला घेतलं आणि अगदी मायेने सांगितलं की मामा दमलाय, दूधगाडीमुळे त्याला लाज वाटलीय, तू हो म्हणून टाक, तो लगेच विसरून जाईल. खटपटीला मामाच्या रागापेक्षा या मायेचा जास्त वैताग आला. म्हणजे मामीलाही तेच वाटत होतं तर.

मुलांच्या खोलीत आणखी वेगळाच तमाशा.

“हो म्हण ना गं,” रेडिओ सुरू झाली. “एकदाच तर म्हणायचंय. आम्हीसुद्धा म्हणतो की, भांडं फुटलं की मीच म्हणते, फोडलं नसलं तरी, कारण आई मग ओरडते पण थोडंच ओरडते, आणि परवा तळं आहे, आणि होडी आहे, आणि...”

“मी केलंच नाही,” खटपटी म्हणाली.

“कळलं. पण हो म्हणायला काय जातं?”

“आणि मग मामा विचारेल, काय केलंस ते सांग. तर काय सांगू? मलाच माहीत नाही.”

लंबू गादीवर पाय लांब करून पडला होता, म्हणजे गुडघ्यापासून खाली पाय गादीच्या बाहेर होते. तो म्हणाला की तू केलं नाहीस हे मला पटतं, पण मग कोणी केलं? शेडमध्ये दुसरं कोणी आलं नव्हतं. मांजर आलं होतं, पण मांजराला रिले कळत नाही. खटपटीने उशी फेकून मारली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला रडू येत नव्हतं, चीड येत होती. दिवे असे का वागतात, हा प्रश्न घरात एकालाही पडला नव्हता. सगळ्यांना फक्त कोणी केलं एवढंच हवं होतं.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये जाणत्यांची रांग लागली.

पहिला मामा स्वतः. त्याने डॅशबोर्डवरचं बटण बदलून नवीन बसवलं, हेडलाइट लावले, बटण दाबलं, चार दिवे पेटले. मामाचा चेहरा खुलला. झालं, बटणातच दोष होता.

“मामा, आता अप्पर लावून बघ ना,” खटपटी म्हणाली. हेडलाइट लावले की आधी डिपरच लागतो, आणि मामाने तेवढंच पाहिलं होतं.

मामाने अप्पर लावला. चारही दिवे विझले. मामाने खटपटीकडे असं पाहिलं, जणू तिनेच फुंकर मारून ते विझवले.

मग गॅरेजवाला आला. तो स्कूटरवरून उतरायच्या आधीच म्हणाला, “रिले गेली.” रिले म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. तिला हेडलाइटच्या तारेतून जराशी वीज मिळाली की ती आतल्या आत टक् करते आणि मोठ्या दिव्यांना बॅटरीपासून येणारा रस्ता उघडून देते. गॅरेजवाल्याने नवी रिले लावली, हेडलाइट लावले, चार दिवे पेटले, तो हात पुसत स्कूटरकडे निघाला.

“काका, अप्पर बघायचा राहिला,” खटपटी म्हणाली.

“अप्पर कशाला? दिवे लागले ना?”

“पण ते अप्परलाच लागायला हवेत. डिपरला लागायलाच नकोत.”

“हुशार आहे हो तुमची भाची,” गॅरेजवाला मामाला म्हणाला. हिला जरा लांब घेऊन जा, असा त्याचा अर्थ होता. मामाने अप्पर लावला, दिवे विझले, आणि गॅरेजवाल्याने तत्काळ ठरवलं की मग बटणच खराब असणार. मामाने बटण आत्ताच बदलल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला की नवी बटणं अलीकडे फार वाईट येतात.

शेजारचे बसवाले काका चहा प्यायला म्हणून आले आणि थांबले. त्यांनी हयातभर बस चालवली होती. सगळा घोटाळा नेहमी अर्थिंगचाच असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी जीपच्या पत्र्यावर घट्ट केलेला स्क्रू आणखी घट्ट केला, हेडलाइट लावले, चार दिवे पेटले, काकांनी स्वतःच टाळी वाजवली. खटपटीने तोंड उघडलं आणि मिटलं. अप्पर मामानेच लावला आणि स्वतःच बंद केला.

दुपारच्या जेवणाला लंबू अचानक उभा राहिला. कान लाल झाले होते.

“बाबा, ते मी केलं. मी तारा उलट्या जोडल्या.”

खटपटी डोळे फाडून बघत राहिली.

“कोणत्या तारा?” मामाने विचारलं.

“ती... लाल. आणि निळी.”

“त्या जोडणीत निळी तारच नाही,” मामा म्हणाला.

“काळपट निळी,” लंबू म्हणाला. रेडिओने कपाळावर हात मारून घेतला.

मामाने काय समजायचं ते समजून घेतलं, आणि नेमकं चुकीचं समजून घेतलं. स्वतः कबूल करायचं सोडून भावाला पुढे करते, असं तो खटपटीला म्हणाला. आता तिघांनीही संध्याकाळपर्यंत जीप धुवायची. चिखल, सांडलेलं दूध, चाकं, सगळं. आणि बॉनेटला कोणीही हात लावायचा नाही. एवढं बजावून तो मामीच्या छोट्या गाडीत बसला आणि दोघं कुणाची तरी आजारी गाय बघायला निघून गेले.

“कोणी सांगितलं होतं तुला?” खटपटी लंबूवर तडकली.

“तू सहलीला मुकशील म्हणून...” लंबू खाली मान घालून म्हणाला. एवढ्या उंचीचा माणूस एवढा ओशाळलेला बघून तिला पुढे रागावता येईना. पण वैताग काही गेला नाही. आता ती चोरही होती आणि खोटं बोलायला लावणारीही.

* * *

“बॉनेटला हात लावायचा नाही म्हणाला ना?” खटपटी जीपसमोर उभी राहून म्हणाली. “मग नाही लावायचा.”

हेडलाइटच्या मागची तारांची जोडणी जाळीतून हात घालूनही सापडत होती. अप्परची तार कोणती आणि अप्पर-डिपर दोन्हींची मिळून असलेली मधली तार कोणती, हे काल मामानेच तिला दाखवलं होतं. अप्परच्या तारेला त्याने रिलेची एक बाजू जोडली होती आणि रिलेची दुसरी बाजू जीपच्या पत्र्याला. मामाच्या हत्यारांत एक छोटा बल्ब होता. त्याच्या एका तारेला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा पत्र्याला लावायचा, सुई ज्या तारेला टेकवू तिच्यात वीज असली की बल्ब पेटतो. शेडचं शटर खाली ओढून त्यांनी अंधार केला. लंबू ड्रायव्हरच्या जागेवर बसला. रेडिओला काम दिलं की दिसेल ते मोठ्याने सांगायचं, आणि तिला इतकं आवडतं काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं.

खटपटीने सुई अप्परच्या तारेला टेकवली.

“डिपर लाव,” ती म्हणाली.

“बल्ब पेटला!” रेडिओ किंचाळली.

“आता अप्पर.”

“विझला! अगं, पण हेडलाइट तर अप्परच लागलेत, भिंतीवर वर उजेड आलाय!”

त्यांनी चार वेळा करून पाहिलं. अप्परच्या तारेत डिपर असताना वीज होती आणि अप्पर लावला की ती गायब. लंबूचं म्हणणं, म्हणजे कोणीतरी तारा अदलाबदल केल्याच आहेत. पण तसं असतं तर हेडलाइटसुद्धा उलटे लागले असते. ते तर अगदी सरळ वागत होते. मग वीज नसलेल्या तारेवर अप्पर पेटतो तरी कसा? खटपटी डोकं खाजवून थकली. शेवटी चिडून तिने बल्ब खिशात कोंबला आणि शटर वर केलं. निदान जीप तरी धुवून टाकू.

पाण्याची लांब नळी अंगणातल्या नळाला होती आणि तिच्या टोकाला दाबायची पिचकारी. ती रेडिओच्या हातात. पण रेडिओला बोलायचं असलं की ती पिचकारी सोडून हातवारे करायची. पिचकारी सुटली की पाणी बंद आणि नळी टम्म. असं तीन-चारदा झालं आणि नळी नळावरून निसटली, आणि नळाचं पाणी तिथेच उभ्या असलेल्या लंबूच्या थेट तोंडावर उडालं.

“एकतर पाणी मार नाहीतर बोल!” भिजलेला लंबू ओरडला आणि त्याने नळी पुन्हा घट्ट बसवली.

खटपटीचा पाय त्या वेळी नळीवर होता. पिचकारी बंद होती आणि पायाखाली नळी कडक लागत होती. रेडिओने पिचकारी दाबली, पाणी वाहू लागलं, तशी नळी पायाखाली मऊ पडली. खटपटी जागच्या जागी थांबली.

“सोड,” ती म्हणाली. नळी कडक. “दाब.” नळी मऊ. “सोड. दाब. सोड.”

“आता हिला काय झालं?” रेडिओने विचारलं.

“तोटी टोकाला आहे,” खटपटी हळूच म्हणाली. “लंबू, नळापाशी तोटी असती तर बंद केल्यावर नळी रिकामी राहिली असती. पण आपली तोटी म्हणजे ही टोकाची पिचकारी. म्हणून बंद असताना नळी भरलेली, आणि चालू केली की ढिली. त्या तारेसारखीच.”

लंबूला कळायला जरा वेळ लागला. मग तो चिखलातच मटकन बसला. या जीपच्या अप्पर-डिपरच्या दांडीचं बटण वीज येते त्या बाजूला नव्हतंच. ते दिव्याच्या पलीकडे, वीज परत जाते त्या वाटेवर होतं. हेडलाइट लावले की मधल्या तारेतून वीज दिव्यापर्यंत येऊन, दिव्यातून पलीकडच्या तारेत भरून थांबायची. अप्पर लावला की शेवटची तोटी उघडायची, वीज वाहायची, दिवा पेटायचा आणि ती तार रिती व्हायची. मामाची रिले त्या तारेला तोंड लावून बसली होती. तार भरलेली असेल तेव्हा ती वीज प्यायची, म्हणजे नेमकी डिपरला.

तिघं पुन्हा शेडमध्ये पळाले. शटर खाली. या वेळी खटपटीने बल्बचा चिमटा पत्र्यावरून काढला आणि त्या मधल्या, वीज घेऊन येणाऱ्या तारेला लावला. सुई पूर्वीसारखीच अप्परच्या तारेला. डिपर लावला, बल्ब विझलेला. अप्पर लावला, बल्ब पेटला. रेडिओ दोन क्षण काहीच बोलली नाही. अशी वेळ त्या घरात पहिल्यांदाच आली असावी.

“एकच तार हलवायची आहे,” खटपटी म्हणाली. “पण मामा ऐकणार नाही. सकाळपासून कोणी ऐकलंय माझं?”

हेही खरंच होतं. ती काही समजावायला गेली असती तर पहिल्याच वाक्याला ‘आधी कबूल कर’ ऐकावं लागलं असतं. तिघांनी बराच विचार केला. मामाला या घडीला एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती असेल तरच तो गप्प उभा राहणार होता. खटपटीच्या चेहऱ्यावर आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच हसू आलं.

* * *

मामा-मामी परतले तेव्हा खटपटी पायरीवर बसून होती.

“मामा, कोणी केलं ते सांगते,” ती म्हणाली. “काय केलं तेही. पण सगळ्यांसमोर, शेडमध्ये. गॅरेजवाल्या काकांना आणि बसवाल्या काकांनाही बोलाव.”

मामाने समाधानाने मान हलवली. एवढा मोठा कबुलीजबाब ऐकायला कोण नाही म्हणेल? दोन्ही काका लगबगीने आले. संध्याकाळची फेरी करून निघालेला दूधगाडीवालाही शेडसमोर थांबला, कारण रेडिओने त्याला हाका मारून थांबवलं होतं. खटपटीने सगळ्यांना जीपच्या समोर, बंपरपासून जरा लांब, ओळीने उभं केलं. मामाला मात्र जाळीजवळ बोलावून त्याच्या हातात बल्बची सुई दिली आणि ती अप्परच्या तारेला धरायला सांगितली. चिमटा पत्र्याला लावलेला होता. लंबूने शटर ओढलं आणि तो ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

“डिपर,” खटपटी म्हणाली.

मामाच्या हातातला बल्ब पेटला. त्याच क्षणी चारही नवे दिवे सगळ्यांच्या तोंडावर भपकन आले आणि मोठी माणसं हात डोळ्यांवर धरून मागे सरकली. हे समोरून कसं दिसतं, ते त्यांच्यापैकी एकट्या दूधगाडीवाल्याला माहीत होतं. तो मनापासून हसला आणि दूध नासायच्या आत पोचायचं म्हणून शटर जरा उचलून निघून गेला.

“अप्पर.” चार दिवे गेले. मामाच्या हातातला बल्बही गेला.

“हो, उलटं झालंय. ते माहीतच आहे,” मामा कावून म्हणाला. “कोणी केलं ते सांग.”

“कोणीच नाही,” खटपटी म्हणाली. “मामा, तू जोडलंस ते तुझ्या सहा गाड्यांसारखं अगदी बरोबर आहे. पण ही गाडी त्या सहांसारखी नाही. हिच्या अप्परची तोटी टोकाला आहे.”

आणि तिने नळीची गोष्ट सांगितली. मामाने मध्ये बोलायला दोनदा तोंड उघडलं, पण मामीने त्याच्या दंडाला हात लावला. मग खटपटीने चिमटा पत्र्यावरून काढून मधल्या तारेला लावला आणि मामाला सुई होती तिथेच धरायला सांगितली. डिपर, बल्ब विझलेला. अप्पर, बल्ब पेटलेला. मामाने स्वतः पुन्हा करून घेतलं. मग तिसऱ्यांदा. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“रिलेची पत्र्यावरची तार काढ आणि इथे लाव,” खटपटी म्हणाली. “नाही चाललं तर मला उद्याच घरी पाठव.”

मामाने बॅटरीची तार सोडवली, ती एक तार हलवली, घट्ट केली, चिकटपट्टी गुंडाळली. कोणी चहाची आठवणसुद्धा काढली नाही. लंबूने डिपर लावला. शेडमध्ये हेडलाइटचा जुना, मंद उजेड पडला आणि बंपरवरचे चार दिवे शांत राहिले. त्याने अप्पर लावला, रिले टक् वाजली, आणि माणसांच्या मागची सगळी भिंत, तिच्यावरची हत्यारं, कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं, सगळं लख्ख दिसायला लागलं.

बसवाले काका अर्थिंगबद्दल काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. गॅरेजवाल्याने नवी रिले ठेवून घ्या, कधीतरी उपयोगी पडेल, असं सांगितलं. मामी खटपटीजवळ आली आणि तिला घट्ट जवळ घेऊन कानात म्हणाली, “माझंही चुकलं गं. मी तुला विचारायला हवं होतं.”

मामा हत्यारांच्या फळीकडे तोंड करून उभा होता. मग तो वळला. भाचीसमोर असं बोलायची त्याला सवय नव्हती, ते त्याच्याकडे बघूनच कळत होतं.

“मी सहा गाड्या सांगत बसलो आणि सातवी बघितलीच नाही,” तो म्हणाला. “चुकलो मी. उगाच तुझ्यावर आळ घेतला.”

खटपटीला आता मात्र रडू आलं. आदल्या संध्याकाळपासून ते येत नव्हतं, ते सगळं एकदम आलं. मामा गडबडला, घरात गेला आणि अडगळीतून ते घड्याळ घेऊन आला. तेही आता तूच सरळ कर, असं म्हणून त्याने ते तिच्या हातात ठेवलं.

“ते मात्र मीच उलटं केलं होतं,” खटपटी नाक पुसत म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळे एकत्र हसले.

* * *

पहाटेच्या अंधारात जीप निघाली. मागे लशींचा डबा, गाद्या, आणि तिघं एकमेकांवर रेललेले. मामा गाडी चालवत होता, मामी शेजारी. त्याच वळणावर समोरून दूधगाडी आली. खटपटीने नकळत श्वास रोखला. मामाने डिपर दिला. चारही दिवे एकदम विझले आणि रस्त्यावर फक्त जुन्या हेडलाइटचा पिवळसर पट्टा राहिला.

दूधगाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली.

“आज दिसलं बुवा तुमचं तोंड,” ड्रायव्हर म्हणाला. “आता त्या वळणाची मला भीती नाही. गॅरेजवाल्याला सापडलं म्हणायचं शेवटी?”

मामा मागे वळला आणि त्याने बाकावर बसलेल्या भाचीकडे पाहिलं.

“हे खटपटीचं काम,” तो म्हणाला.

ड्रायव्हरने तिला हात केला आणि तो निघून गेला. मामाने अप्पर लावला, टक् आवाज आला, आणि सगळा रस्ता, दोन्ही बाजूंची झाडं, लांबचा वळणाचा दगड, सगळं उजळून निघालं. मागच्या बाकावरून तिघं एका सुरात “वा” म्हणाले, आणि या वेळी ते खरंच म्हणाले होते.